विंचूदंश, बिरवाडी आणि नोकरीतले शिक्षण

विंचू चावल्याने माणूस दगावतो, हे महाड-पोलादपूरकडच्या माणसाला कुणी शिकवावे लागत नव्हते. पावसाआधी कौले उतरवून शाकारणी करताना, लाकूडफाटा आत घेताना, दसऱ्याच्या सुमारास कापलेल्या भाताच्या पेंढ्या उचलताना तांबडा विंचू हाताला किंवा पायाला डसे. काही तासांत मूल घामाने निथळू लागे, हातपाय गार पडत, धाप लागे आणि शेवटी तोंडाला फेस येई. भगताकडून विंचू उतरवून घेण्याची रीत होती. दवाखान्यात नेले तरी गंभीर रुग्णाच्या बाबतीत निकाल फारसा वेगळा लागत नसे. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत मात्र या मृत्यूला जेमतेम जागा होती. ज्यांच्या डोळ्यांसमोर ही माणसे जात होती त्यांच्यापाशी पुस्तक लिहिण्याइतकी सवड नव्हती, आणि जे पुस्तके लिहीत होते त्यांच्या वॉर्डापर्यंत हे रुग्ण जिवंत पोचत नव्हते. हे अंतर महाडमध्ये कसे मिटले, त्याचा इतिहास आजच्या एका प्रश्नाचे उत्तर देतो: नोकरी करता करता तातडीचे वैद्यक शिकता येते का, आणि येत असेल तर कोणत्या अटींवर? दिवसाचे इतके तास कामाला, इतके अभ्यासाला अशी वाटणी करून हा प्रश्न सुटणार नाही, असे माझे म्हणणे आहे. काम नीट नोंदले गेले, त्या नोंदी बाहेरच्या जाणकारांनी तपासल्या आणि योग्य वेळी रीतसर शिक्षणासाठी वाट मोकळी झाली, तर काम हाच अभ्यास होतो. यातले एकही निसटले तर हाती उरते ती दमणूक.

आधी त्या काळच्या नोकरीचे स्वरूप पाहायला हवे. १९४६ साली भोर समितीने देशभर प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना मांडली आणि १९५२ पासून सामुदायिक विकास योजनेबरोबर ती केंद्रे प्रत्यक्षात येऊ लागली. समितीच्या कल्पनेतल्या केंद्रात प्रतिबंध आणि उपचार हातात हात घालून चालणार होते. प्रत्यक्षात डॉक्टरच्या अंगावर लसीकरण, हिवतापाचे काम, बाळंतपणे, शवविच्छेदन, पोलिसांची प्रकरणे आणि वर पाठवायचे अहवाल असे सगळेच पडले. ही हकिकत जिथे सुरू होते ते १९७६ हे तर आणीबाणीचे वर्ष. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांचे उद्दिष्ट हाच कामाचा मोठा मापदंड झाला होता. त्या वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही मंजूर केले होते. ते कायद्यात उतरले नाही, पण हवा कोणती होती ते त्यावरून कळते. महाड-पोलादपूरच्या जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते, ते रायगड झाले १९८१ मध्ये. कोकण रेल्वे यायला अजून दोन दशके होती. सावित्री, काळ आणि गांधारी नद्यांचे पूर, एका बाजूला कशेडी घाट, दुसऱ्या बाजूला पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढणारा आंबेनळी घाट, आणि डोंगरउतारांवर विखुरलेल्या वाड्या. रुग्ण डोलीतून किंवा मिळेल त्या वाहनाने खाली यायचा. त्याला पुढे मुंबईला पाठवा असे सांगणे म्हणजे बहुतेक वेळा हात झटकणे होते, कारण विंचवाचे विष तेवढा वेळ देत नसे.

१९७६ मध्येच महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले. जन्म जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचा, एमबीबीएस नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून. पडेल ते काम करून शिकलेला हा माणूस होता, तेव्हा कष्ट आणि अभ्यास यांची सांगड त्यांना नवी नव्हती. नवे होते ते बिरवाडीत समोर येणारे दृश्य. धडधाकट शेतकरी किंवा खेळते मूल येते, औषधे दिली जातात आणि सकाळपर्यंत ते दगावते. अशा वेळी तरुण डॉक्टरपुढे सोपा मार्ग एकच असतो: पुस्तकात लिहिले होते ते केले, पुढचे नशीब. बावस्करांनी दुसरा मार्ग धरला. ते रुग्णाशेजारी बसून राहिले आणि जे दिसले ते लिहीत गेले. दंशानंतर किती वेळाने उलटी झाली, घाम कधी सुटला, हातपाय कधी गार पडले, नाडी आणि रक्तदाब कसे बदलले, पुरुष रुग्णांत लिंगाला ताठरपणा कधी आला, छातीत खरखर कधी सुरू झाली. हे करायला महागडे यंत्र लागत नव्हते. जागरण लागत होते, आणि प्रत्येक रुग्णाला तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारण्याची शिस्त लागत होती.

त्या नोंदींतून जे हाती आले ते मार्च १९८२ मध्ये लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. उलटी, भरपूर घाम, ताठरपणा आणि गार पडलेले हातपाय ही चिन्हे हृदयावरच्या संकटाची आगाऊ सूचना असतात, असा त्या लेखाचा गाभा होता. वरवर ही बाब छोटी वाटते. पण आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरच्या दृष्टीने ती निर्णायक होती, कारण विंचू चावलेल्या अनेकांना फक्त वेदना होतात आणि थोड्यांनाच मृत्यू गाठतो. ते थोडे कोण, हे पहिल्या तासात ओळखायचे होते. विंचवाच्या विषाने हृदय आणि रक्ताभिसरण बिघडते हे जगात कुणालाच ठाऊक नव्हते असे नाही. मुंडले यांनी १९६१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये भारतातल्या विंचूदंशाविषयी लिहिले होते. इस्रायलमध्ये बीरशेबा इथे मोशे गुएरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठच्या दशकापासून विंचूदंशातल्या हृदयविकाराचा आणि ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांच्या लोटाचा अभ्यास चालवला होता. पण ते ज्ञान कोकणातल्या खाटेपर्यंत आले नव्हते. तिथे ॲट्रोपिन, स्टेरॉइड, ॲलर्जीवरची इंजेक्शने आणि गुंगीच्या औषधांची मिश्रणे दिली जात. यांतली काही निरुपयोगी होती आणि काही रुग्णाला आणखी खाली ढकलत होती. शहरातल्या प्राध्यापकाला हे दिसणे अवघड होते, कारण दंशानंतरचे पहिले सहा तास त्याच्या वाट्याला कधी येतच नव्हते. ते बिरवाडीच्या वाट्याला येत होते. हा प्रश्न त्या नोकरीतच उगवू शकत होता.

उत्तर मात्र नुसत्या नोकरीत मिळाले नाही, आणि माझ्या म्हणण्यातला हा दुवा महत्त्वाचा आहे. बावस्करांनी पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात एम.डी. केले. बिरवाडीने त्यांना प्रश्न दिला होता. पुण्याने हृदयक्रियेचे शास्त्र, ग्रंथालय आणि अतिदक्षता विभागातली औषधे हाताळण्याचा सराव दिला. विष चेतातंतूंमधले सोडियमचे मार्ग उघडे ठेवते, त्यामुळे शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोट उठतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर असह्य भार येतो आणि फुप्फुसांत पाणी भरते. ही साखळी समजली की उपचाराची दिशा बदलते, कारण आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करायला हव्यात. सोडियम नायट्रोप्रुसाइड हे काम करते, आणि मरणाच्या दारातल्या रुग्णांत ते उपयोगी पडल्याचे त्यांनी पाहिले. पण ते शिरेतून थेंबाथेंबाने द्यावे लागते, प्रकाशापासून जपावे लागते, क्षणोक्षणी रक्तदाब मोजावा लागतो. वीज जाते आणि परिचारिका एकच असते अशा जागी हे औषध कसे चालावे? मग उच्च रक्तदाबासाठी वापरात असलेली प्राझोसिनची स्वस्त गोळी पुढे आली. विषामुळे ज्या अल्फा ग्राहकांवर मारा होतो तेच ग्राहक ती अडवते, तोंडाने देता येते, आणि रुग्णाला निजवून ठेवून रक्तदाबावर नजर ठेवली तर आरोग्य केंद्रातही देता येते. १९८६ मध्ये डॉ. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचे प्राझोसिनवरचे टिपण ‘लॅन्सेट’ने छापले. या निवडीत पुणे आणि महाड दोन्ही आहेत. केवळ पुण्यात राहिलेल्या माणसाला गोळीची निकड भासली नसती. केवळ बिरवाडीत राहिलेल्या माणसाला ती सुचण्यासाठी लागणारे शास्त्र हाताशी नसते.

परिणाम आकड्यांत सांगायचा तर, गंभीर विषबाधा झालेल्यांपैकी पूर्वी तीस टक्क्यांच्या वर माणसे दगावत; प्राझोसिन वेळेवर मिळू लागल्यावर हे प्रमाण एका टक्क्याच्या खाली आल्याचे बावस्करांच्या नोंदी सांगतात. त्यानंतरचा भाग कमी सांगितला जातो, पण अभ्यासाच्या दृष्टीने मला तो जास्त मोलाचा वाटतो. औषध सापडल्यावर नोंदी थांबल्या नाहीत. मुंबईच्या हाफकिन संस्थेने तांबड्या विंचवाच्या विषावर प्रतिविष तयार केल्यावर त्याची तुलना प्राझोसिनशी करण्यात आली आणि २००७ मध्ये छापलेल्या अभ्यासात प्राझोसिन सरस ठरले. आपल्याच औषधाचा विजय झाला, आता पुरे, असे म्हणून थांबता आले असते. पण मग दोन्ही एकत्र दिली तर काय, हा प्रश्न त्यांनी उचलला. महाडमधल्या स्वतःच्या खाजगी रुग्णालयात त्यांनी सत्तर रुग्णांची चिठ्ठी टाकल्यासारखी दोन गटांत वाटणी केली. एका गटाला फक्त प्राझोसिन दिले, दुसऱ्याला प्राझोसिन आणि प्रतिविष. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने तो अभ्यास प्रसिद्ध केला: दहा तासांत पूर्ण बरे होणाऱ्यांचे प्रमाण दुसऱ्या गटात ९१.४ टक्के, पहिल्या गटात २२.९ टक्के. तालुक्याच्या गावातल्या खाजगी रुग्णालयाने आपलाच आधीचा निष्कर्ष अधिक कडक पद्धतीने तपासून सुधारला. याच काळात सर्पदंशावरही त्यांचे लेखन चालू होते. २०२२ मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली, पण शिक्षणाच्या इतिहासात लक्षात ठेवायची गोष्ट १९७६ ते २०११ ही पस्तीस वर्षांची नोंद आहे.

यावर पहिला आक्षेप उघड आहे: हा एका विलक्षण माणसाचा पराक्रम, त्यावरून सर्वांसाठी नियम कसा काढणार? आक्षेप अर्धा खरा आहे. अशी चिकाटी सर्वांत नसते. पण वैद्यकाच्या इतिहासात ही वाट एकट्या बिरवाडीची नाही. बरोबर शंभर वर्षे आधी, १८७६ मध्ये, रॉबर्ट कॉख नावाच्या जिल्हा वैद्यकीय अधिकाऱ्याने वोलश्टाइन या छोट्या गावात रुग्ण तपासत असतानाच काळपुळीच्या जंतूचे जीवनचक्र उलगडले. इंग्लंडमधल्या बर्न्ली या गिरणगावात जेम्स मॅकेन्झी यांनी रोजचा दवाखाना चालवत नाडीचे आलेख काढले आणि १९०२ मध्ये नाडीवरचा आपला ग्रंथ लिहिला. यॉर्कशरच्या खोऱ्यात विल्यम पिकल्स यांनी खेड्यांतल्या साथींच्या नोंदी ठेवून १९३९ मध्ये ग्रामीण साथींच्या अभ्यासाचा पाया घातला. या सगळ्यांना जोडणारी गोष्ट प्रतिभेपेक्षा साधी आहे: प्रत्येकाने रोजच्या कामात समोर आलेला प्रश्न धरून ठेवला, जे दिसले ते लिहून ठेवले, आणि प्रत्येकाला दूरवरचा कुणी वाचक मिळाला. कॉखला ब्रेस्लाऊचे प्राध्यापक फेर्डिनांड कोन मिळाले. त्यांनी ते काम पारखले आणि आपल्या नियतकालिकात छापले. बावस्करांना लंडनचे संपादक मिळाले. प्रतिभा वाटता येत नाही, पण वाचक मिळवून देता येतो. जिल्ह्याच्या डॉक्टरांच्या नोंदी वाचणारा आणि त्यांना प्रश्न विचारणारा माणूस नेमणे हे शासनाच्या हातात आहे. म्हणून अपवाद म्हणून हात जोडण्यापेक्षा या अपवादाच्या मागच्या अटी शोधणे शहाणपणाचे आहे.

दुसरा आक्षेप शास्त्राचा आहे. एकटा डॉक्टर, तुलनेचा गट नाही, आपल्याच रुग्णांवरची निरीक्षणे. त्यावर उपचार ठरवणे धोक्याचे नाही का? धोक्याचे आहे, आणि सुरुवातीच्या नोंदींना ही मर्यादा होती. पण अशा निरीक्षणाची जागा पहिली असते, शेवटची नव्हे. १९८२ च्या लेखाने चिन्हे सांगितली, १९८६ च्या टिपणाने औषध सुचवले, २०११ च्या अभ्यासाने चिठ्ठीने पाडलेल्या गटांत पुरावा दिला. पहिली पायरी नसती तर तिसऱ्या पायरीवर नेमके काय तपासायचे हेच कळले नसते. शिवाय पर्याय काय होता तेही पाहिले पाहिजे. आधीचे उपचार कुठल्याही कसोटीला उतरून खेड्यात आले नव्हते. ते सवयीने चालत होते. न नोंदता दिलेला उपचारही एक प्रयोगच असतो, फक्त त्यातून कुणी काही शिकत नाही. नोंदवहीमुळे डॉक्टर अचूक होतो असे मी म्हणत नाही. त्याची चूक सापडण्याजोगी होते, आणि शिकण्यासाठी तेवढे पुरते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. रात्ररात्र जागणाऱ्या डॉक्टरचे गुणगान करणे म्हणजे अपुऱ्या व्यवस्थेला पांघरूण घालणे होय. चोवीस तासांच्या ड्युटीनंतर पुस्तक उघडा, असे दमलेल्या माणसाला सांगणे अन्यायाचे आहे आणि रुग्णांसाठीही घातक आहे. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात तरुण मुलीचा मृत्यू झाल्यावर शिकाऊ डॉक्टरांच्या थकव्याचा प्रश्न चव्हाट्यावर आला, आणि १९८९ पासून त्या राज्याने त्यांच्या कामाला आठवड्याला ऐंशी तासांची मर्यादा घातली. ती मर्यादा योग्यच होती. बिरवाडीचा इतिहास मी जागरणाच्या बाजूने मांडत नाही. जागरणाचे ज्ञान झाले, कारण पुढे रीतसर शिक्षणाची वाट मिळाली आणि तपासणारे वाचक मिळाले. याच काळात कितीतरी वैद्यकीय अधिकारी तितकेच जागले असतील. त्यांना ही वाट मिळाली नाही आणि त्यांनी पाहिलेले त्यांच्याबरोबरच गेले. म्हणून शासकीय सेवेतल्या डॉक्टरांसाठी पदव्युत्तर जागा राखून ठेवण्याचा प्रश्न हा केवळ नोकरीतल्या सवलतीचा नाही. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अशा जागा ठेवण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला. त्या निकालाचा खरा अर्थ महाडच्या उदाहरणातून कळतो: खेड्यात पाच वर्षे काढलेला डॉक्टर महाविद्यालयात रिकाम्या हाताने येत नाही, प्रश्न घेऊन येतो. तो गेल्यावर केंद्र ओस पडणार असेल तर मात्र त्याचे शिक्षण रुग्णांच्या जिवावर होईल. त्यासाठी बदली डॉक्टर आधी हवा, रजेचा आदेश नंतर.

आज महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत तातडीच्या उपचारांची कारणे वाढली आहेत. २५-२६ जुलै २००५ च्या पावसात दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला आणि त्याबरोबर एसटीच्या दोन बस गेल्या. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. २२ जुलै २०२१ ला महाड शहर पाण्याखाली गेले, तळिये गावावर डोंगर खचला आणि पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले. महाडजवळच रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे आणि महामार्गावरचे अपघात रोजचे आहेत. दरम्यान तातडीचे वैद्यक हा स्वतंत्र विषय झाला. भारतीय वैद्यक परिषदेने २००९ मध्ये त्याच्या एम.डी.ला मान्यता दिली. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा ९३७ गाड्यांनिशी धावू लागली, आणि तिच्यात डॉक्टर असतो. या डॉक्टरांत आयुर्वेदाचे पदवीधर मोठ्या संख्येने आहेत. ते प्रशिक्षण घेऊन कामावर चढतात आणि खरे शिक्षण गाडीतच घेतात. बिरवाडीत १९७६ साली एका माणसाच्या वाट्याला आलेली स्थिती आज एका अख्ख्या व्यवसायाची झाली आहे.

या व्यवसायाला महाडच्या इतिहासाने दिलेला धडा वापरता येईल. घाटातून खाली आणलेल्या जखमीचे पुढे काय झाले, हे रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरला रुग्णालयाने कळवणे बंधनकारक केले तर त्याच्या प्रत्येक फेरीतून काही शिकता येईल. आज त्याच्या नोंदीत गाडी किती मिनिटांत पोचली हे असते. वाटेत घेतलेला निर्णय बरोबर होता की चूक, हे कळायची सोय हवी. जिल्हा रुग्णालयात महिन्यातून एकदा दगावलेल्या आणि वाचलेल्या रुग्णांवर मोकळी चर्चा व्हावी, आणि त्या दिवशीची हजेरी कामाच्या वेळेत धरली जावी. पूर आणि दरडींच्या दिवसांतल्या वैद्यकीय नोंदी तालुक्यातच जपल्या जाव्यात, म्हणजे पुढच्या जुलैत रुजू होणाऱ्या नव्या डॉक्टरला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. आणि सेवेतून शिकायला गेलेल्या डॉक्टरला परत आल्यावर त्याच मुलखात, त्याच प्रश्नावर काम करायची मुभा मिळावी. यातल्या एकाही गोष्टीला मोठी इमारत लागत नाही. लागते ती कामाच्या तासांना शिक्षण मानण्याची तयारी. ती तयारी एका तरुण डॉक्टरने स्वतःच्या बळावर दाखवली आणि तांबड्या विंचवाच्या दंशाने येणारा मृत्यू या भागातून जवळजवळ हद्दपार झाला. हीच तयारी आता व्यवस्थेने दाखवली पाहिजे, कारण दरड, पूर आणि घाटातला अपघात यांवर प्राझोसिनसारखी एक गोळी नाही. तिथे उपयोगी पडणारे ज्ञान रोजच्या ड्युटीतूनच थोडे थोडे गोळा करावे लागणार आहे, आणि ते गोळा करणारे हात एकापेक्षा जास्त असावे लागतील.